वेचलेल्या फुलांचा गुन्हा

साल 1893, चैत्र. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात. अजून फटफटलेलं नाही. साग, ऐन उघडेबोडके. हवेत मात्र गोड, उग्र, जडसर वास. टप् करून काहीतरी खांद्यावर पडतं.

उचला. फिकट पिवळं, मांसल, आतून पोकळ. दाबलंत की बोटं चिकट होतात. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. वरच्या फांद्यांत वटवाघळांची फडफड अजून चालूच आहे. रात्रभर गोडी चाखता चाखता परागीभवनही त्यांनीच उरकलंय.

झाडाखालचा पाचोळा बायांनी आधीच लोटून ठेवलाय. "हात चालव बाबा, गुरं आली म्हंजे काय उरायचं नाय," म्हातारी बजावते. तुम्हीही वेचू लागता. अंगणात वाळून ही फुलं मनुकांसारखी सुरकुततील. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की उकडून खायची ती हीच. थोड्या फुलांची दारू गाळायची. देवाला, लग्नाला ती लागतेच. पुढे बियांचं तेल निघेल. इथे मोहावर सहसा कुणी कुऱ्हाड चालवत नाही, ते यामुळेच.

एकदम सगळ्यांचे हात थांबतात. पायवाटेवर अबकारीचा शिपाई दिसतोय. म्हातारी टोपली पदराआड सरकवते.

जमिनीवर पडलेल्या फुलाला कसली बंदी? मुंबई सरकारने गेल्याच वर्षी, 1892 मध्ये, खास मोहाचा कायदा केलाय. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर त्याने बंधनं आणली. 1878 च्या अबकारी कायद्यानंतरही पाड्यांवरच्या चोरट्या भट्ट्या विझल्या नव्हत्या. मग सरकारने कच्च्या मालालाच हात घातला. तिकडे उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत पंचमहालातून आलेल्या मोहाची दारू राजरोस गळतेय. तिच्यावर सरकारला महसूल मिळतो. म्हातारीच्या टोपलीतून दमडीही मिळत नाही.

आता 2021 मध्ये या. महाराष्ट्र सरकारने मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यावरची बंधनं त्या वर्षी शिथिल केली. साठवायची धास्ती असली की ऐन हंगामात मिळेल त्या भावाने फुलं विकावी लागतात, आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत घ्यावी लागतात. आता वेचणारीला भाव चढेपर्यंत पोतं घरात ठेवता येतं.