अरब अल्पसंख्य समाजातील शिक्षिका : व्यावसायिक नीतीचे पेच

विद्यार्थ्याचे हित, कायद्याने सोपवलेले कर्तव्य आणि कुळाची अब्रू यांपैकी एक जपावे तर दुसऱ्याला धक्का लागतो, अशा प्रसंगी शिक्षिकेने काय करावे, हा या नोंदीचा विषय आहे. येथे इस्राएलच्या अरब नागरिकांचाच विचार केला आहे. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश असून त्यांत मुस्लिम बहुसंख्य, तर ख्रिस्ती आणि द्रूझ अल्पसंख्य आहेत. गलील, ‘त्रिकोण’ म्हणून ओळखला जाणारा मध्य भागातील पट्टा आणि दक्षिणेचे नेगेव्ह वाळवंट हे त्यांच्या वस्तीचे मुख्य प्रदेश होत. त्यांच्या शाळा अरबी माध्यमाच्या आणि ज्यू मुलांच्या शाळांहून वेगळ्या असतात. पण या शाळांवर नियंत्रण इस्राएलच्या शिक्षण मंत्रालयाचे असते. या शिक्षिकांसमोरचे पेच परंपरा विरुद्ध आधुनिकता अशा झगड्याच्या रूपात मांडण्याची सवय अभ्यासकांना आणि पत्रकारांना जडली आहे. ही मांडणी अपुरी आहे. शिक्षिका कुळ आणि राज्यसंस्था या दोन सत्तांच्या कात्रीत सापडते, आणि संकटातल्या मुलीला खात्रीचे संरक्षण यांपैकी कोणाकडूनच मिळत नाही. पेचाचे मूळ तिथे आहे.

हे समजण्यासाठी शिक्षकी पेशाचा तिथला इतिहास पाहावा लागतो. 1948 ते 1966 या काळात अरब नागरिक लष्करी प्रशासनाखाली होते. शिक्षकाची नेमणूक आणि बढती यांत गुणवत्तेइतकेच, कधी त्याहून अधिक, सुरक्षा यंत्रणेच्या मताला वजन असे. लष्करी प्रशासन उठल्यावरही ही पद्धत संपली नाही. अरब शिक्षणाच्या कारभारात अंतर्गत गुप्तचर खात्याचा माणूस वरिष्ठ पदावर बसत असे. त्याविरुद्ध अदाला या कायदेविषयक संस्थेने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यानंतर ते पद रद्द झाले. अरब मुलांच्या तिसरीच्या पुस्तकात 2007 मध्ये आलेला ‘नकबा’ हा अरबांच्या 1948 च्या विस्थापनाचा उल्लेख 2009 मध्ये नव्या शिक्षणमंत्र्यांनी काढायला लावला. दहशतवादी कृत्याशी सहमती दाखवल्याच्या कारणावरून शिक्षकाला कामावरून दूर करण्याची तरतूद 2024 च्या कायद्याने केली. आजी काय भोगून आली हे वर्गातल्या मुलाने विचारले, तर किती सांगावे, हा प्रश्न म्हणूनच तिथे केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. शिक्षकाने बोलू नये, हा धडा या पेशाने आधी राज्यसंस्थेकडून घेतला आहे. कुळाच्या धाकाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होते.

सर्वांत बिकट पेच मारहाण आणि लैंगिक अत्याचार कळवण्याचा आहे. इस्राएलच्या दंडसंहितेत 1989 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलावर त्याच्या पालनकर्त्याकडून अत्याचार झाल्याचा वाजवी संशय आला तर तो समाजकल्याण अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षकासारख्या व्यावसायिकाने कसूर केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा स्पष्ट आहे, हेतूही चांगला आहे. परंतु छोट्या गावात मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षिका ज्यांच्या कानी घालते, त्यांच्यापैकी मुख्याध्यापक मुलीच्या चुलत्याचा व्याही असू शकतो आणि समाजकल्याण कचेरीतला कारकून त्याच कुळातला. बातमी फुटली की अत्याचार करणाऱ्याकडे बोट जाण्याआधी मुलीच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते, आणि अब्रूच्या नावाने खून होतात हे शिक्षिकेला माहीत असते. नादेरा शल्हूब-केव्होर्कियन यांनी 1990 च्या दशकापासून केलेल्या संशोधनात एक बाब ठळकपणे पुढे आली: स्त्रियांवरील हिंसेच्या तक्रारी पोलीस बरेचदा कुळातल्या वडीलधाऱ्यांकडे परत सोपवत, ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे त्यामागचे समर्थन असे. म्हणजे राज्यसंस्थेचे दार ठोठावणारी मुलगी पुन्हा त्याच ओसरीवर नेऊन बसवली जात होती. अशा परिस्थितीत गप्प राहणाऱ्या शिक्षिकेला भित्री म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या बोलण्याने मुलगी वाचेल की मरेल, याचा तिने केलेला तो हिशोब असतो.

यावर गंभीर आक्षेप असा, की या युक्तिवादाने मौनाला नैतिक मुलामा चढतो. बालकावरील अत्याचार वाटाघाटीचा विषय नाही. प्रत्येकीने परिणामांचा हिशोब मांडला तर कायदा कागदावरच राहील. आक्षेपातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. कळवण्याचे कर्तव्य सैल करावे, असे येथे सुचवायचे नाही; मौनाने मुलगी अत्याचाऱ्याच्याच घरात राहते, हेही तितकेच खरे. मात्र कर्तव्याचा भार एकट्या शिक्षिकेवर टाकून त्यापुढची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, ही व्यवस्था नीतिमान ठरत नाही. अरबी बोलणाऱ्या समाजकार्यकर्त्या, मुलींसाठी सुरक्षित निवारा आणि कळवणाऱ्याचे नाव गावात न फुटण्याची हमी असेल, तरच कळवण्यातून संरक्षण घडते. नाझरेथ येथे 1992 मध्ये स्थापन झालेल्या ‘हिंसेविरुद्ध स्त्रिया’ या संघटनेसारख्या अरब स्त्रियांच्या संस्थांनी मदतवाहिनी आणि निवारे उभारून ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यांचे अस्तित्व हाच परंपरेच्या नावाने समाजाला एकजिनसी ठरवणाऱ्यांना पुरेसा जबाब आहे.

मुलीचे लग्न ठरणे आणि शाळा सुटणे या बाबतीत कायदाही अर्ध्यावर थांबतो. विवाहाचे किमान वय 2013 मध्ये सतरावरून अठरा झाले आणि सक्तीचे शिक्षण बारावीपर्यंत वाढवणारी दुरुस्ती 2007 ची. पण पंधराव्या वर्षी झालेला साखरपुडा गुन्हा नव्हे, आणि त्यानंतर मुलगी वर्गात दिसेनाशी होते. नेगेव्हमधील बेदुइन, म्हणजे मूळच्या भटक्या अरब टोळ्यांतील, मुलींच्या शाळागळतीचा अभ्यास करणाऱ्या सराब अबू-रबिआ-क्वेदर यांनी दाखवून दिले, की वडील शिक्षणालाच विरोध करतात असे सरसकट म्हणता येत नाही. दूरची, परक्या टोळीच्या मुलांसह असलेली शाळा त्यांना नको असते. मान्यता नसलेल्या खेड्यांत माध्यमिक शाळा न उभारण्याचा निर्णय शासनाचा असतो, त्याची किंमत मुलगी चुकवते आणि दोष परंपरेच्या माथी जातो. वडिलांना समजवायला घरी जाणाऱ्या शिक्षिकेला त्यांचीच भाषा वापरावी लागते: शिकलेली मुलगी घराची शान वाढवते, मी तिच्यावर नजर ठेवीन. मुलगी शाळेत टिकते. पण तिच्यावरील पहाऱ्याला शिक्षिकेने मान्यता दिलेली असते. डेनिझ कांडियोटी यांनी 1988 मध्ये मांडलेली पितृसत्तेशी सौद्याची कल्पना येथे तंतोतंत लागू पडते.

असे पेच पुरुष शिक्षकांनाही पडतात, मग स्त्रीचा वेगळा विचार कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. फरक दोन ठिकाणी पडतो. मुली असली गुपिते बहुतेक शिक्षिकेलाच सांगतात, त्यामुळे प्रसंगच तिच्या वाट्याला अधिक येतात. आणि ती बोलली तर तिच्या स्वतःच्या अब्रूवर, लग्नावर, नोकरीला मिळालेल्या घरच्या परवानगीवर घाला येतो. पुरुषाला हे मोल द्यावे लागत नाही. उत्तरेतून नेगेव्हमध्ये नोकरीला आलेल्या अविवाहित शिक्षिकेला तर गावात पाठीशी कुळही नसते. अरब शाळांत आज शिक्षिका बहुसंख्य आहेत, म्हणून प्रश्न मिटला असे मानणारेही आहेत. परंतु वर्गातील संख्या आणि निर्णयाचा अधिकार या भिन्न गोष्टी होत. मुख्याध्यापिकांची संख्या वाढते आहे. तरी खालिद अरार आणि तमार शापिरा यांच्या संशोधनातून दिसते, की नेतृत्वपदावर गेलेल्या अनेक मुस्लिम स्त्रियांनी हिजाब घेणे आणि धर्मनिष्ठा दाखवणे हा अधिकार टिकवण्याचा मार्ग म्हणून अवलंबला, तर काहींसाठी ती मनापासूनची श्रद्धा होती. दोन्ही हेतू एकाच स्त्रीत एकत्र असू शकतात.

शारीरिक शिक्षेचा पेच तुलनेने सोपा आहे. विद्यार्थी हक्क कायद्याने 2000 मध्ये तिला मनाई केली. तरीही ‘मारा, पण शिकवा’ असे पालक सांगतात, वर्गावर हात उगारणारा सहकारी कुळातला वडीलधारा असतो, आणि त्याची तक्रार करणारीच उद्धट ठरते. बाका अल-घर्बिय्ये येथील अल-कासिमी, सखनीन आणि हैफा येथील अरब अध्यापक महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या शिक्षिकेला हे सगळे पहिल्याच नोकरीत भेटते. अत्याचार कळवण्याचे दंडसंहितेतील कलम तिला पाठ असते. मुख्याध्यापकाला वगळून थेट समाजकल्याण अधिकाऱ्याला कळवण्याचा मार्ग त्याच कलमात खुला आहे. मात्र ज्या शाळेत बढती मुख्याध्यापकाच्या शिफारशीवर अवलंबून असते, तिथे तो वापरणाऱ्या शिक्षिकेला पाठबळ देणारी यंत्रणा अजून उभी राहायची आहे.