स्टेन्सिलवरचं पान

इंजिनिअरिंगला असताना आम्ही संगीतावरचं मासिक काढायचो. पानं मी लावायचो. गिटारचा फोटो पानभर हवा, म्हणून एका मित्राचा कुमार गंधर्वांवरचा लेख मी निम्मा कापला. पुढच्या अंकाला त्याने लेखच दिला नाही.

नंतर कधीतरी ‘क्रॉडॅडी’बद्दल वाचलं. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजातल्या १७ वर्षांच्या पॉल विल्यम्सने फेब्रुवारी १९६६मध्ये काढलेलं रॉक संगीताचं नियतकालिक. पहिला अंक १० पानांचा, प्रती ५००, छपाई मिमिओग्राफवर. म्हणजे आपलं सायक्लोस्टाईल. मराठी लघुअनियतकालिकांनीही तेच वापरलं.

यात टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर थेट अक्षरं ठोकायची. इंग्रजी ‘ओ’ जोरात बसला तर मधला गोल गळून पडायचा आणि छापताना तिथे शाईचा ठिपका उमटायचा. चुकलं तर त्यावर द्रव लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा टाइप. मथळा टोकदार लेखणीने हाताने कोरायचा. फोटो जवळपास अशक्यच. मग मांडणी ती काय उरली? समास आणि ओळी. मजकूर लांबला की आणखी एक स्टेन्सिल.

माझ्याकडे तर अन्डू होतं!

मित्राचा मूळ लेख जुन्या मेलमध्ये सापडला. परवा लावून पाहिला. चार पानं झाली.