माफीनाम्यानंतरचे गोखले

शाळेच्या पुस्तकात गोपाळ कृष्ण गोखले दोन ओळींत आटोपतात. मवाळ नेते, गांधीजींचे राजकीय गुरू, संपलं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातलं १८९७ हे साल पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

त्या वर्षी वयाच्या तिशीत ते इंग्लंडला गेले, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. विषय हिंदुस्थानच्या तिजोरीचा खर्च. तयारी न्यायमूर्ती रानडे आणि आकडेशास्त्री गणेश व्यंकटेश जोशी यांच्या हाताखाली झालेली. त्यामुळे उलटतपासणीत हा तरुण प्राध्यापक जराही डगमगला नाही.

इकडे पुण्यात प्लेग. गोरे सोजीर घराघरांत, अगदी देवघरापर्यंत शिरून तपासणी करत होते. पुण्याहून गोखल्यांना पत्रं गेली, त्यांत सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याच्या हकिकती. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि साऱ्या इंग्लंडचं लक्ष पुण्याकडे वळलं. गोखल्यांनी पत्रांतले आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मधून जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर ते मुंबईला उतरले, पण कोर्टात टिकेल असं काही हाती लागेना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी शेवटपर्यंत सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि सोजिरांची बिनशर्त माफी मागितली.

(माफी मागितली म्हणून पुण्यात काहीच घडलं नव्हतं असं मुळीच नाही. पुरावा नव्हता, एवढंच.)

त्याच सुमारास टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली, सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षाही. एक तुरुंगात, दुसरा माफी मागून घरी! लोकांनी काय तोंडसुख घेतलं असेल याची कल्पना करा मंडळी. शिवाय एकाच प्रवासात, एकाच माणसाने केलेली ही दोन कामं. जिथे आकडे पाठीशी होते तिथे निभावलं, आणि जिथे नुसता विश्वास होता तिथे तोंडघशी पडले. ही तुलना त्यांना स्वतःला टोचली नसेल तरच नवल.

अशा वेळी आपल्यातले बरेच जण एक तर खुलासे करत बसतील, नाहीतर सार्वजनिक कामाला रामराम ठोकतील. गोखल्यांनी काय केलं? प्लेग पुन्हा पसरला तेव्हा ज्या कामावरून एवढं रामायण झालं, त्याच प्लेग-निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. आणि फेब्रुवारी १८९८ मध्ये दत्तगुरूंचं स्मरण करून संकल्पांची एक यादी लिहिली. रोज योगाभ्यास. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, मानसशास्त्र, फ्रेंच शिकायचं. मुंबईच्या कायदेमंडळात जायचं, मग वरच्या, मग थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये! सहाच महिन्यांपूर्वी जाहीर माफी मागितलेल्या माणसाची ही यादी. मला तर हसू येतं आणि लगेच हसू ओसरतंही. पार्लमेंट राहिलं, पण १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळात ते निवडून आले आणि पाठोपाठ व्हाइसरॉयच्या मंडळातही.

तिथलं २६ मार्च १९०२ चं त्यांचं पहिलं अंदाजपत्रकी भाषण जरूर वाचा. त्यासाठी जोशींशी पुन्हा पत्रव्यवहार आणि आकड्यांची घासाघीस. सरकार शिलकीची फुशारकी मारत होतं, आणि गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं की दुष्काळाने गांजलेल्या रयतेवर जास्तीचा कर लादूनच ही शिल्लक पडली आहे. तिथे पुरावा मागायची कोणाची छाती नव्हती, कारण पुरावा त्यांच्याच दप्तरातला. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

१९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हाही नव्या सभासदाला आधी पाच वर्षं उमेदवारी ठेवली, अभ्यास आणि देशभर फिरणं. जानेवारी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींकडून त्यांनी वचन घेतलं, वर्षभर देश पाहायचा, जाहीर मतं मांडायची नाहीत. महिन्याभरात, १९ फेब्रुवारीला, गोखले गेले. गांधीजींनी वचन पाळलं, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने देशभर फिरले. मला त्या अटीत १८९७ चा जुलै दिसतो.