वेग ठरवायचा कोणी?

चिपचा वेग ठरवणे हे प्रोग्रामरचे काम, असे आज सर्रास मानले जाते. इतिहास तसा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनलेल्या ऑइल इंजिनाचा वेग गव्हर्नरची स्प्रिंग राखी. ती किती ताणायची हे फिटर पाही, विहिरीवर इंजिन चालवणारा सहसा नाही. संगणकातही आधी हीच वाटणी होती. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० ट्रान्सप्युटर चिपांवर चाले. त्या चिपला बाहेरून फक्त ५ मेगाहर्ट्झचा ठोका मिळे. आतले पीएलएल, म्हणजे ठोका गुणणारे सर्किट, तो वाढवी, आणि किती वाढवायचा हे तीन पिना पुरवठ्याला जोडल्यात की ग्राउंडला, यावर ठरे. प्रोग्राम चढण्याआधीच निर्णय झालेला असे.

आज एसटीएम३२एफ१०३ सारखा कंट्रोलर ८ मेगाहर्ट्झवर जागा होतो आणि बूट कोड त्याला ७२ वर नेतो. तारेची सक्ती गेली हे बरेच झाले, असे कोणी म्हणेल. सोय झाली हे खरेच. बॅटरीवरच्या यंत्राला गरजेपुरताच वेग देता येतो. पण शिस्त तारेइतकीच कडक राहिली. वेग वाढवण्याआधी फ्लॅश मेमरीला दोन वेट स्टेट, म्हणजे थांबण्याचे दोन ठोके, द्यावे लागतात, एका पेरिफेरल बसला ३६ मेगाहर्ट्झच्या वर जाऊ द्यायचे नसते. हे चुकले तर कधी यंत्र लगेच अडते, कधी टेबलावर चालते आणि उन्हात अडते. दुसरी तऱ्हा जास्त वाईट. तेव्हा वेग ठरवणाऱ्या बूट कोडच्या ओळी दुसऱ्या प्रकल्पातून उचलू नका. ७२ चा गुणाकार बोर्डावरच्या क्रिस्टलच्या ठोक्यावरून होतो; आधी त्यावरचा आकडा वाचा.