विजेचा दर कोणाच्या हिताचा? बाबासाहेबांचा १९४३ चा सवाल

बीड जिल्ह्यात परळीला १९७१ पासून औष्णिक वीज तयार होते. त्याच जिल्ह्यातल्या पालीत बिल हातात पडले की आपण आकडा पाहून चरफडतो. हा दर कोणी ठरवला, हे विचारत नाही.

बाबासाहेबांनी ते विचारले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, वीजही त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी धोरण समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सवाल टाकला : वीज सरकारी मालकीची असावी की खासगी? खासगी असेल, तर लोकहित जपणाऱ्या अटी कोणत्या? उद्योगांशिवाय शेतीवरचा भार हटत नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहत नाहीत, ही त्यांची मांडणी होती.

पुढे १९४८ चा कायदा आला, राज्य वीज मंडळे झाली. आज २००३ च्या कायद्यानुसार दर वीज नियामक आयोग ठरवतो. पण त्याआधी जनतेच्या हरकती विचारात घेणे त्याला बंधनकारक आहे.

मग हरकत कोण नोंदवणार? जयंतीला पुतळ्यावर रोषणाई करणाऱ्या तरुणांनो, एकदा दरवाढीचा प्रस्तावही वाचा. वस्तीतल्या अंधाराची बाजू आयोगापुढे आपणच मांडायची आहे.

जय भीम!