मनोमयी मूर्ती

चांदूर बाजार म्हटले की बाहेरच्या माणसाला संत्री आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या तालुक्यात माधान नावाचे एक खेडे आहे, आणि त्या खेड्याच्या मोहोड घराण्यात असा एक पुरुष होऊन गेला, की ज्याच्या स्मरणाने आम्हा इथल्या माणसांची मान थोडी ताठ होते. ते म्हणजे प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज. ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे त्यांचा जन्म झाला. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना चुकीच्या औषधोपचाराने त्यांची दृष्टी गेली. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय होते ३४. एवढ्या आयुष्यात त्यांनी लहानमोठे सव्वाशेच्या वर ग्रंथ रचले. दुसऱ्याने वाचायचे, त्यांनी ऐकून ध्यानात ठेवायचे. त्यांनी सांगायचे, दुसऱ्याने उतरून घ्यायचे, अशी त्यांची लेखणी चालली. भक्ती आणि वेदान्त हे तर त्यांचे घरचेच विषय. पण डार्विन आणि स्पेन्सर यांची मतेही या आंधळ्या खेडूत पुरुषाने ऐकून तपासली होती.

महाराजांच्या अध्यात्माचा विचार करण्याचा माझा अधिकार नाही. तो अधिकारी मंडळींनी केलेला आहे आणि पुढेही करतील. माझे कुतूहल एका निराळ्या गोष्टीबद्दल आहे. ज्याला कळू लागल्यापासून रंगाचा आणि रूपाचा अनुभव नाही, त्याने आपल्या मनात केवढे विश्व उभे केले! चार वर्षांचा असताना या मुलाची आई गेली. पुढे त्याने ज्ञानेश्वर माउलींना आपले मायबाप मानले, स्वतःला त्यांची कन्या म्हणवले; श्रीकृष्णाला पती मानून कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. लोकांनी नावे ठेवली असतील, हसलेही असतील. परंतु मनात धरलेले नाते मनुष्याला किती बळ देते, याचे याहून ठळक उदाहरण आमच्या वऱ्हाडात तरी मला ठाऊक नाही. महाराजांनी नुसते चित्र कल्पिले नाही, त्या चित्रात स्वतःला जागा दिली. प्रेक्षक म्हणून ते बाहेर उभे राहिले नाहीत. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

महाराजांच्या ग्रंथांत ‘मानसायुर्वेद’ नावाचा एक ग्रंथ आहे. मनाच्या रोगांना स्वतंत्र ग्रंथ लागतो, ही जाणीव शंभर वर्षांपूर्वी माधानसारख्या गावी होती, हे विशेष. अर्थात त्यामागे जुनी परंपरा आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. यांतली सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याची चिकित्सा. त्याच संहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे. आणि गीतेचा पहिला अध्याय तर विषादाच्याच नावाने ओळखला जातो. धनुष्य गळून पडलेला, तोंड सुकलेला, उभे राहवत नाही असा अर्जुन आपण कीर्तनात ऐकतो आणि पुढे सरकतो. पण त्या अर्जुनासारखी माणसे आपल्या आळीत असतात, आपल्या घरातही असतात. वऱ्हाडात ‘नैराश्य’ हा शब्द घरात कोणी वापरीत नाही. ‘गमत नाही’ म्हणतात. काही गमत नाही, जेवण गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते. दोनचार दिवसांत हे ओसरले तर तो मनाचा स्वभाव. दोन दोन आठवडे मुक्काम करून बसले तर तो आजार. आणि आजाराला उपाय असतो.

त्या उपायांपैकी एका लहान उपायाचा इतिहास मला सांगायचा आहे. तो उपाय म्हणजे मनात चित्र उभे करणे. आपल्याकडे त्याचे नाव मानसपूजा.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार सांगितले आहेत. दगडाची, लाकडाची, धातूची, वाळूची अशी ती यादी आहे, आणि तिच्यातच एक आहे मनोमयी, म्हणजे मनाचीच घडवलेली मूर्ती. याच स्कंधावर नाथांनी टीका लिहिली आणि शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ साली काशीक्षेत्री ती पूर्ण केली. त्यामुळे मनोमयी मूर्तीची ही गोष्ट पंडितांच्या पोथीतून निघून मराठी घरांत आली. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेले शिवमानसपूजा स्तोत्र आजही पाठ म्हटले जाते. समर्थांनी तर मानसपूजेवर स्वतंत्र रचना केली आहे, आणि तिच्यातला स्वयंपाक मोठा बहारीचा आहे. देवाला नैवेद्य दाखवला एवढे म्हणून समर्थ थांबत नाहीत. लोणची, रायती, तळलेल्या काचऱ्या असे एकेक जिन्नस ते मनाच्या चुलीवर सिद्ध करीत जातात. ज्या बैराग्याजवळ झोळीखेरीज काही नव्हते, त्याच्या मनात एवढे मोठे मुदपाकखाने चालले होते!

हा हौसेचा पाल्हाळ नव्हे. यात एक शिस्त आहे. मनोराज्य आणि मानसपूजा या दोन्ही कल्पनाच. पण मनोराज्य आपणहून चालते आणि मनुष्याला ओढून नेते. शेखचिल्लीच्या मनात महाल उभा राहिला आणि डोक्यावरचे मडके फुटले. मानसपूजेत मात्र आधी आसन, मग स्नान, मग गंध, मग फूल, मग दीप असा क्रम असतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि हातांना काम दिलेले. मन पळाले तर जिथे सुटले तिथून पुन्हा धरायचे. पतंजलींनी योगसूत्रांत हीच दिशा दाखवली आहे. वाईट विचार पीडा देऊ लागले तर त्याच्या उलट भावना मनात जोपासावी; तिला त्यांनी प्रतिपक्षभावन म्हटले. आणि चित्त स्थिर करणाऱ्या उपायांत ‘विशोका’ नावाची एक ज्योतिर्मय अवस्था सांगितली. शोक नसलेली ती विशोका. नाव ठेवणाऱ्याने रोग पुरता ओळखला होता.

युरोपात ही वाट फार पुढे सापडली. १८८० साली इंग्लंडातल्या फ्रान्सिस गाल्टनने लोकांना एक साधा प्रश्न विचारला : आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल डोळ्यांपुढे आणा, किती स्पष्ट दिसते? कोणी म्हणाले, प्रत्यक्ष पाहतो तसे. कोणी म्हणाले, मुळीच दिसत नाही. म्हणजे मनातल्या चित्राची शक्ती माणसागणिक वेगळी असते. पुढे फ्रान्समध्ये एमिल कुए या औषधविक्याने प्रतिपादन केले की इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पनाच जिंकते. आमच्या भागातला दाखला द्यायचा तर तोंडाला पाणी सुटू दे असा हुकूम जिभेला करून पाहा, ती ऐकणार नाही. पण आंबिया बहाराचे पिकले संत्रे मनात घ्या, नखाने साल सोला, सालीतला तो झोंबणारा तुषार नाकाशी येऊ द्या, फोड दाताखाली धरा. जीभ आपोआप ओली होते. कुए १९२६ साली वारला. त्यानंतर १९३८ साली देझ्वाय या फ्रेंच माणसाने जागेपणी स्वप्न पाहण्याची रीत ग्रंथात मांडली, आणि १९५०च्या दशकात जर्मनीत लॉयनर या वैद्याने कुरण, ओढा, डोंगर अशी ठराविक चित्रे रोग्याला कल्पायला लावून उपचार सुरू केले.

कोणी विचारील की आंधळ्याला हे कसे साधावे? १९७६ साली जन्मांधांवर एक प्रयोग झाला. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना मनात फिरवायला सांगितली, तेव्हा ती जितकी अधिक फिरवावी लागे तितका वेळ अधिक लागे. डोळस माणसांचे मनही असेच वागते. म्हणजे मनातले चित्र केवळ डोळ्यांचे नसते. ते स्पर्शाचे, नादाचे, गंधाचे, चालीचेही असते. माधानच्या महाराजांना हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती.

आता विषादात मनाचे नेमके काय बिघडते ते पाहू. १९८६ साली मार्क विल्यम्स या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की जिवाला विटून स्वतःला इजा करून घेतलेल्या माणसांना एखादी नेमकी आठवण सांगता येत नाही. सुखाची एक आठवण सांगा म्हटले तर ती मोघम बोलतात. पुढे विषादाच्या रोग्यांतही हेच आढळले. ‘लहानपणी दिवाळी बरी असायची’ एवढेच आठवते. अमुक वर्षी, अमुक ओसरीवर, आजीने कोणत्या वाटीतून उटणे लावले, ते हरवलेले असते. २००८ साली एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की खिन्न मनाला उद्याच्या सुखाचे चित्र फिके दिसते. म्हणजे दुःखाची चित्रे आमंत्रणावाचून येतात आणि सुखाची बोलावूनही येत नाहीत. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली. सुखाचा प्रसंग आपल्याच डोळ्यांनी आतून पाहिला तर मन उजळते; आपण स्वतःला दुरून, परक्यासारखे पाहत राहिलो तर उलट खालावते. प्रेक्षक होऊ नये असे वर म्हटले, ते यासाठी.

तेव्हा ज्याला करून पाहायचे त्याने असे करावे. दिवसातली एक वेळ धरावी, पाच मिनिटे पुरेत. डोळे मिटावे किंवा भिंतीवर ठेवावे. एकच प्रसंग घ्यावा, फार थोर नको. विहिरीच्या थारोळ्यात पाय सोडून बसल्याचा असला तरी चालेल. मग क्रमाने एकेक इंद्रिय जागे करावे : पायाला पाणी कसे लागले, मोटारीचा आवाज कुठून येत होता, वास कसला होता, शेजारी कोण होते. मन सुटले तर रागावू नये, पुन्हा पाण्यापाशी यावे. हे थोडे जमू लागले की उद्याचे एक लहान काम घ्यावे. अंघोळ करून चौकापर्यंत जाणे एवढेही पुष्कळ. चपला पायात घालण्यापासून ते परत येईपर्यंत ते मनात करावे, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर करावे. २०१९ साली स्वयंसेवकांवर असा प्रयोग झाला. ठरवलेली कामे करतानाचे चित्र ज्यांनी मनात रंगवले, त्यांना ती करण्याची उमेद अधिक वाटली. पूजेनंतर उठून कामाला लागायचे असते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच.

पण या उपायाची मर्यादाही सांगितलीच पाहिजे. २०१५ साली विषादाच्या १५० रोग्यांवर नुसत्या सुखचित्रांच्या सरावाची परीक्षा झाली, तेव्हा तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या सरावापेक्षा तो एकूण विषादावर सरस ठरला नाही. म्हणजे ही काठी आहे, पाय नव्हे. डोळे मिटताच ज्याला भयंकर प्रसंगच दिसू लागतात, त्याने एकट्याने हे करू नये. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याच्या हाती मानसपूजा देऊन आपण मोकळे होणे हा तर अपराध आहे. त्याला जाणत्याकडे नेले पाहिजे, आणि लागतील ती औषधे लाज न धरता दिली पाहिजेत. चरकांनी तीन चिकित्सा सांगितल्या त्या एकमेकींच्या सवती म्हणून नव्हेत.

सोबतीने काय होते याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन विषादाबद्दल बोलायचे, ऐकून घ्यायचे आणि गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत पोहोचवायचे. २०१७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. विषाद असलेल्या शंभर माणसांपैकी आधी जेमतेम चार जण उपचार मागायला जात. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. आकडा लहान वाटेल, पण पेरा, पाऊस आणि कर्ज यांच्या हिशेबात माणसे गमावलेल्या या प्रदेशात तो लहान नाही. शिवाय आता १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारची मोफत सेवा आहे. फोन लावला की मराठीतही बोलता येते. तिच्या नावातही ‘मानस’ आहे, याची मला गंमत वाटते.

गुलाबराव महाराजांची पूजा मनातली होती, पण ते एकटे नव्हते. वाचून दाखवणारा कोणी होता, उतरून घेणारा कोणी होता, वाटेवर हात धरणाराही असणारच. डोळे नसलेल्या त्या पुरुषाचे मनोमय जग एवढे फुलले त्यात या हातांचाही वाटा आहे. पाडव्याला वऱ्हाडात गायगोधन होते, घरे माणसांनी भरतात. त्या गर्दीतून कोणी हळूच उठून मागच्या खोलीत जाऊन बसत असेल, विचारले तर ‘काही नाही, गमत नाही’ म्हणत असेल, तर फराळाचे ताट घेऊन त्याच्याजवळ जावे. उपदेश करू नये. एखाद्या जुन्या दिवाळीची गोष्ट काढावी, आणि त्या वेळी अंगणात कोण कोण होते ते त्यालाच आठवायला लावावे. एक नाव आठवले की दुसरे येते.