चोरदिंडी उघडी कोणी ठेवली? सॉफ्टवेअरमधील ‘ऐच्छिक’ सोयींचा इतिहास

१/
१९८८ सालच्या २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एमआयटीच्या एका संगणकावरून एक छोटासा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. स्वतःच्या नकला काढत तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अमेरिकेतील विद्यापीठे व संशोधनसंस्था यांचे असंख्य संगणक त्याच्या भाराने ठप्प झाले. ‘मॉरिस वर्म’ची ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा तळटीपेतच राहतो. आजचा धागा त्या तळटीपेविषयी आहे.

२/
वर्मने आत शिरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांतील एक ‘सेंडमेल’ या टपाल पोहोचवणाऱ्या प्रोग्राममधून जात होता. एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे लिहिलेल्या या प्रोग्राममध्ये ‘डीबग’ नावाची एक सोय होती. ती चालू असली की पत्राच्या ‘प्रति’ या जागी माणसाच्या पत्त्याऐवजी थेट संगणकाला द्यावयाची आज्ञा लिहिता येई, आणि समोरचे यंत्र ती निमूटपणे पाळी. चाचणी घेणाऱ्याला याचा मोठा उपयोग होता. पत्र पोहोचवण्यासाठी तिची काडीमात्र गरज नव्हती.

३/
ही सोय ऐच्छिक होती. प्रोग्रामची बांधणी करताना ती वगळता येत असे. तरीही अनेक विक्रेत्यांनी व व्यवस्थापकांनी ती तशीच राहू दिली, कारण सेंडमेल जुळवून घेणे हे अतिशय किचकट काम होते आणि त्या कामात डीबगची मदत होई. मॉरिसवर पुढे खटला चालला, त्याला शिक्षा झाली, आणि इतिहासात त्याचे नाव राहिले. सोय लिहिणाऱ्या ऑलमन यांचे नावही राहिले. पण ती लक्षावधी लोकांच्या वाट्याला ‘चालू’ अवस्थेत पोहोचवणारा जो तिसरा माणूस, त्याचे नाव कोणाला ठाऊक आहे?

४/
या तिसऱ्या माणसाला आज पॅकेजर म्हणतात. मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअर मूळ लेखकाकडून येते ते मजकुराच्या स्वरूपात. त्या मजकुरापासून चालता प्रोग्राम तयार करताना बांधणी करणाऱ्यापुढे पर्यायांची यादी येते : हे जोडायचे का, ते वगळायचे का, अमुक लायब्ररीचा आधार घ्यायचा का. ‘जेंटू’ या लिनक्समध्ये हे प्रश्न बऱ्याच अंशी वापरणाऱ्यालाच सोडवू दिले जातात. १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलेल्या ‘डेबियन’मध्ये, आणि बहुतेक लोकप्रिय लिनक्समध्ये, आपल्या हाती तयार पॅकेज येते. यादीवरच्या खुणा आपल्यासाठी आधीच कोणीतरी केलेल्या असतात.

५/
किल्ल्यांच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, असे ते सांगते. आणि लगेच पुढे : रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच ठेवून बाकीचे दरवाजे व दिंड्या चिणून टाकाव्यात. दरवाजा असावा, पण चिणलेला असावा! पॅकेजरच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला अन्यत्र आढळले नाही. अडचण एवढीच, की किल्लेदाराला आपल्या गडाचा राबता रोज डोळ्यांसमोर दिसतो. पॅकेजर ज्यांच्यासाठी दिंडी चिणतो ती माणसे त्याने कधी पाहिलेलीच नसतात.

६/
डेबियनने यावर एक जुनी तोड काढली : एकाच प्रोग्रामची दोन-तीन पॅकेजे. ‘एक्झिम’ या टपाल-प्रोग्रामचे ‘लाइट’ आणि ‘हेवी’ असे दोन अवतार तेथे आहेत. ‘व्हिम’ हा मजकूर-संपादकही ‘टायनी’पासून पुढे अनेक रूपांत मिळतो. ही तोड चांगली आहे, पण तिने मूळ प्रश्न सुटत नाही. कोणत्या अवताराला साधे, मूळ नाव द्यायचे? बहुसंख्य लोक तेच घेणार.

७/
येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळेच चिणून टाकावे. शंका आली की वगळावे. २००६ साली डेबियनमध्ये जे घडले ते त्यासाठीच सविस्तर पाहिले पाहिजे.

‘ओपनएसएसएल’ ही इंटरनेटवरील गुप्त संभाषणाचा कणा असलेली लायब्ररी. गुप्त किल्ली तयार करताना तिला यादृच्छिकता लागते, म्हणजे कोणालाही अंदाज बांधता येणार नाही असे आकडे. प्रोग्राममधील दोष शोधणारी ‘व्हॅलग्राइंड’सारखी साधने त्या भागावर सतत इशारे देत होती : येथे आधी काहीही न भरलेली स्मृती वाचली जात आहे. डेबियनच्या पॅकेजरने ओपनएसएसएलच्या चर्चायादीवर विचारणा केली. आलेल्या उत्तरांत धोक्याची सूचना नव्हती. त्याने दोन ओळी निष्क्रिय केल्या.

८/
त्या दोन ओळी दिसायला अगदी सारख्या होत्या. त्यांतली एक खरोखर निरुपद्रवी होती. मूळ लेखकांनीच ती बांधणीच्या वेळी वगळण्याचा पर्याय ठेवला होता. दुसरीला असा पर्याय नव्हता, आणि त्याला कारण होते. गोळा केलेली सारी यादृच्छिकता तिच्यातूनच आत जात असे. ती बंद होताच किल्लीची अनिश्चितता जवळजवळ फक्त चालू प्रक्रियेच्या क्रमांकावर येऊन ठेपली, आणि असे क्रमांक होते जेमतेम ३२ हजार. अब्जावधी वर्षे लागावीत असे कुलूप काही तासांत उघडण्याजोगे झाले.

९/
हे सुमारे दोन वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. लुचियानो बेल्लो यांनी ते शोधले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केले. दुरुस्त पॅकेज बसवून भागणार नव्हते. मधल्या काळात डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या भावंडांवर तयार झालेली प्रत्येक किल्ली फेकून द्यावी लागणार होती. इतकेच नव्हे, अशी एखादी दुबळी किल्ली ज्या सर्व्हरने ओळखीची म्हणून नोंदवून ठेवली होती, तो सर्व्हर कधीही डेबियनवर चाललेला नसला तरी धोक्यात होता. एका पॅकेजमधील दोन ओळींची झळ पॅकेज न घेणाऱ्यालाही लागली.

या पॅकेजरची त्या वेळी फार टिंगल झाली. मला ती अन्याय्य वाटते. त्याने विचारले होते, आणि केलेला बदल सर्वांना दिसेल असा नोंदवला होता. त्याच नोंदींमुळे आज आपण ही घटना ओळीगणिक सांगू शकतो. किती ऐतिहासिक घटनांबद्दल असे म्हणता येईल?

१०/
आता याच लायब्ररीची दुसरी बाजू. २०१२ च्या मार्चमध्ये ओपनएसएसएलची १.०.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात ‘हार्टबीट’ नावाची नवी सोय होती. जोडणी शांत पडली की एका बाजूने विचारायचे, ‘आहेस ना?’, सोबत एक शब्द आणि त्याची लांबी पाठवायची, आणि दुसऱ्या बाजूने तोच शब्द परत करायचा. नेहमीच्या वेबसाइटला याची फारशी गरज नव्हती. तिच्या जोडणीला अशी विचारपूस करण्याची अन्य साधने आधीपासून होती. सोय बांधणीच्या वेळी वगळता येत होती. मात्र ती मुळातच चालू ठेवलेली होती, आणि बहुतेकांनी ती तशीच राहू दिली.

११/
दोष असा, की सांगितलेली लांबी खरी आहे का हे सर्व्हर तपासत नव्हता. शब्द एक अक्षराचा पाठवून ‘हा ६४ हजार अक्षरांचा आहे’ असे म्हटले, तर तो बिचारा आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर घालून तेवढी लांबी भरून देई. त्यात कोणाचा पासवर्ड असे, कधी सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ या नावाने हे जगजाहीर झाले. नवी आवृत्ती लगेच बसवणे ज्यांना शक्य नव्हते त्यांना ओपनएसएसएलने दिलेला सल्ला पाहा : हार्टबीट वगळून पुन्हा बांधणी करा. जी खूण दोन वर्षांपूर्वीच करता आली असती, ती आता आग लागल्यावर करायची होती.

गंमत म्हणजे, डेबियनची जुनी, मागासलेली म्हणून हिणवली जाणारी ‘स्क्वीझ’ ही आवृत्ती सुरक्षित राहिली. तिच्यातील ओपनएसएसएल इतके जुने होते, की त्यात हार्टबीट आलेच नव्हते.

१२/
दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ ला, आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक शोध जाहीर केला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेताना आपल्या डेबियन यंत्रावरील एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो आहे, हे त्यांना खटकले होते. मागोवा घेत ते ‘एक्सझेड’ या माहिती दाबून लहान करणाऱ्या साध्याशा प्रकल्पापाशी पोहोचले. ‘जिआ टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी तेथे दीर्घकाळ मदतनीस म्हणून काम करून विश्वास मिळवला होता, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली होती.

१३/
एसएसएच म्हणजे जगभरच्या सर्व्हरांचा महादरवाजा. पण ओपनएसएसएच तर एक्सझेड वापरतच नाही! मग वाट कोठून? येथे पुन्हा आपला तिसरा माणूस येतो. डेबियन, फेडोरा आदींच्या पॅकेजरांनी एसएसएच सर्व्हरला एक छोटी सोय स्वतः जोडली होती : ‘मी सुरू झालो’ हा निरोप ‘सिस्टमडी’ या व्यवस्थापकाला देण्याची. निरोप म्हणजे एका स्थानिक सॉकेटवर पाठवलेले दोन-चार शब्द. त्यासाठी त्यांनी सिस्टमडीची संपूर्ण लायब्ररी जोडली. ती लायब्ररी नोंदवह्या दाबून ठेवण्यासाठी एक्सझेडवर अवलंबून होती. निरोप्यासाठी दार उघडले आणि त्याच्या मागून अख्खे वऱ्हाड आत आले. वऱ्हाडातला एक जण मारेकरी होता.

१४/
मूळ ओपनएसएसएच जसेच्या तसे देणाऱ्या आर्च लिनक्सवर ही साखळीच नव्हती. उलट, पेरलेली चोरवाट बांधणीच्या वेळी तपासत असे, की आपण डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचे पॅकेज बनवत आहोत का. तसे असेल तरच ती जागी होई. हल्लेखोराने पॅकेजरांच्या सवयींचा असा अभ्यास केला होता. सुदैवाने ती वाट डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचण्याआधीच पकडली गेली.

१५/
या धक्क्यानंतर काही आठवड्यांतच, मे महिन्यात, डेबियनमध्ये ‘कीपासएक्ससी’ या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामवरून वाद पेटला. डेबियनच्या अस्थिर शाखेत पॅकेजरने सगळ्या ऐच्छिक सोयी वगळल्या. ब्राउझरशी जोडणी गेली, नेटवर्कशी संबंधित सारे गेले. पासवर्डच्या स्थानिक तिजोरीत या गोष्टी हव्यातच कशाला, अशी त्याची भूमिका होती. ज्यांना त्या हव्यात त्यांच्यासाठी ‘-फुल’ अशी पुरवणी लावलेले वेगळे पॅकेज होते.

१६/
एक्सझेडनंतर ही भूमिका समजण्यासारखी होती. मूळ लेखकांचा संतापही तितकाच समजण्यासारखा होता. ब्राउझर-जोडणी ही चैन नाही, असा युक्तिवाद येथे करता येतो : ती संकेतस्थळाचा पत्ता तपासूनच पासवर्ड भरते, त्यामुळे बनावट बँकेच्या पानावर माणूस फसला तरी ती फसत नाही. ती काढली की वापरणारा पासवर्ड कॉपी करून चिकटवू लागतो. म्हणजे एका ठिकाणी चिणलेल्या दिंडीमुळे राबता दुसऱ्या, अधिक उघड्या वाटेकडे वळतो. माझे मत विचाराल, तर दोन पॅकेजे करणे योग्य होते. पण अनेक वर्षे भरलेल्या अवतारासाठी वापरलेले नाव एकाएकी रिकाम्या अवताराला देणे योग्य नव्हते. रोजच्या अद्ययावतीकरणात ज्याची सोय नाहीशी होते, त्याने कोठलीही खूण केलेली नसते.

१७/
एसएसएचच्या निरोपाचे पुढे काय झाले? १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचची ९.८ आवृत्ती आली. तिच्यात सिस्टमडीला निरोप देण्याची सोय मूळ लेखकांनीच लिहिली होती, कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीवाचून. पॅकेजरांना आता आपली जोडणी काढून टाकता येणार होती. ‘मी सुरू झालो’ हा निरोप आजही जातो.